ऑक्सफर्डच्या संगमरवरात आपण कुठे आहोत?

ऑक्सफर्ड पाहायला गेलेल्या माणसाचा दिवस साधारण ठरलेला असतो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनावर गाडीत बसायचे, तासाभरात ऑक्सफर्डला उतरायचे. कारफॅक्सच्या चौकातला मनोरा, ख्राइस्ट चर्च कॉलेजातला हॅरी पॉटरच्या सिनेमामुळे गाजलेला जिना, बॉडलियन ग्रंथालयाचे अंगण आणि त्यामागची रॅडक्लिफ कॅमेरा ही घुमटाची गोल इमारत, जिच्यासमोर उभे राहून जगातला प्रत्येक पर्यटक फोटो काढतो. दुपारी नदीत लांब काठीने ढकलायची होडी. संध्याकाळी परत लंडन.

शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडात शिकायला गेलेली आपली मुलेमुलीही आता सुट्टीच्या दिवशी तिथे जातात. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरकडच्या घरांतून त्यांच्या स्टेटसवरचे फोटो पाहिले जातात, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात, आणि खाली जय भीमची रांग लागते. लागलीच पाहिजे. ज्यांच्या आजोबांना गावच्या शाळेत वर्गाबाहेर बसावे लागले, त्यांची नात त्या घुमटासमोर उभी आहे, याचा आनंद कुणाला होणार नाही?

पण मित्रहो, फोटोतल्या त्या इमारती नुसत्या दगडाच्या नाहीत. आपल्याकडे ऑक्सफर्ड म्हटले की हात आपोआप जोडले जातात. पुण्याला ‘पूर्वेचे ऑक्सफर्ड’ म्हणताना बोलणाऱ्याची छाती फुगते. माझे म्हणणे एवढेच आहे की हे शहर आंबेडकरी डोळ्यांनी पाहायला हवे. मनुस्मृतीला दुसरा जन्म ज्या ठिकाणी मिळाला, त्यांत ऑक्सफर्डचे नाव फार वर येते. आणि त्या दुसऱ्या जन्माची किंमत थेट आपल्या धुळे-चाळीसगावपर्यंत मोजली गेली आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ऑक्सफर्ड सर्वांसाठी खुले होते आणि आपणच मागे पडलो, असे कुणी सांगत असेल तर ते खोटे आहे. १८५४ पर्यंत तिथे पदवी घ्यायची तर इंग्लंडच्या अधिकृत चर्चची तत्त्वे मान्य असल्याची सही द्यावी लागे. कॅथलिक, ज्यू, नास्तिक बाहेर. प्राध्यापकीच्या जागांवरची धर्माची अट जायला १८७१ चा कायदा यावा लागला. बायकांना पदव्या मिळाल्या १९२० मध्ये. आपल्या शेजारच्या नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये तिथे गेली, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा पास झाली, पण पदवी हातात पडायला विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडले. म्हणजे तिथलीही दारे कायद्याने आणि भांडणाने उघडली आहेत. बंद दार आपोआप उघडते असे उदाहरण जगाच्या इतिहासात मला तरी सापडलेले नाही.

आता हाय स्ट्रीटवरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात चला. कवी शेलीने नास्तिकतेवर पत्रक काढले म्हणून १८११ मध्ये त्याला हाकलणारे हेच ते कॉलेज. पुढे त्यांनीच त्याचे संगमरवरी स्मारक आपल्या आवारात मिरवले! पर्यटक शेली पाहून परत फिरतात. आपल्याला जायचे आहे कॉलेजच्या प्रार्थनाघरात. तिथे जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराने केलेले एक उठावशिल्प आहे, सर विल्यम जोन्सचे. जोन्स खुर्चीवर बसून मेजावर लिहितो आहे. त्याच्यासमोर जमिनीवर तीन भारतीय पंडित बसले आहेत. ते सांगताहेत, तो लिहून घेतो आहे. खाली कोरले आहे की त्याने हिंदू आणि मुसलमानी कायद्यांचा संग्रह तयार केला.

या शिल्पाचे छायाचित्र हिंदुत्ववादी मंडळी समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरवतात. पाहा, आमच्या विद्वानांना गोऱ्याने कसे पायाशी बसवले! अपमान आहे, हे मान्य. पण त्यांचे डोळे जिथे थांबतात तिथून आपले सुरू झाले पाहिजेत. त्या चौकटीत खुर्चीवरचा आहे, जमिनीवरचे आहेत. ज्यांच्यावर तो कायदा चालणार होता, ते कुठे आहेत? ते चौकटीतच नाहीत. ज्याला शास्त्र ऐकायचाही अधिकार नाही, त्याला शास्त्र लिहून घेताना कोण बोलावणार? जमिनीवर बसलेले पंडित हरलेले दिसतात, पण त्या खोलीत त्यांचाच शब्द कायदा होत होता. हा तह होता. गोऱ्याने राज्य घेतले आणि समाज कसा चालवायचा ते पंडिताला विचारले.

हा तह कसा झाला, ते वर्षांसकट सांगतो, कारण भाषणात हे नेहमी गुळमुळीत राहते. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी न्यायव्यवस्थेची योजना केली. वारसा, लग्न, जात आणि धर्माचे व्यवहार यांत मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावायचा, असे ठरले. हिंदू म्हणजे कोण, हे कुणी विचारले नाही. शास्त्र कुणाचे, हेही नाही. मग अकरा पंडितांकडून एक संग्रह करवून घेतला गेला. त्याचे इंग्रजी रूप नॅथॅनिएल हॅलहेडने १७७६ मध्ये छापले. हॅलहेड हा ख्राइस्ट चर्चचा विद्यार्थी, म्हणजे आपले पर्यटक हॅरी पॉटरचा जिना पाहायला जातात त्याच कॉलेजचा. जोन्स १७८३ मध्ये कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश होऊन आला. पंडितांवर त्याचा विश्वास नव्हता. ते सांगतील तो कायदा, ही लाचारी त्याला नको होती. म्हणून तो स्वतः संस्कृत शिकला, तेही रामलोचन नावाच्या वैद्य जातीच्या गुरूकडून. आणि १७९४ मध्ये, मरण्यापूर्वी, त्याने मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर ‘हिंदू कायद्याच्या संस्था’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली बाहेर काढले.

यातली गोम लक्षात घ्या. त्याआधी मनुस्मृती ही अनेक पोथ्यांतली एक होती. गावोगाव जातींचे आपापले रिवाज होते. आपल्या खानदेशात कुणबी, माळी, कोळी, भिल्ल, महार यांच्यात पाट लागत होता, काडीमोड होत होती, पंच बसत होते. ब्राह्मणी वर्चस्व नव्हते असे मुळीच नाही. पेशवाईत ते कोणत्या थराला गेले होते हे आपल्याला ठाऊक आहे. पण सगळ्या हिंदुस्थानच्या सगळ्या हिंदूंचा एक ग्रंथ, एक स्मृतिकार, एक कायदा, ही कल्पना छापखान्यातून आणि कोर्टातून आली. इंग्रजी न्यायाधीशाला संदर्भाला एक पुस्तक हवे होते. पंडिताकडे ते तयार होते.

खानदेश कंपनीच्या ताब्यात आला १८१८ मध्ये, पेशवाई बुडाल्यावर. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथे आला आणि धुळे हे ठाणे करून त्याने नवी पेठ आखली. आज धुळ्याच्या सरळ, समांतर गल्ल्यांचे कौतुक होते ते त्याच आखणीचे. गल्ल्या सरळ झाल्या, कायदा मात्र सरळ आला नाही. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सांगण्यावरून आर्थर स्टीलने दख्खनच्या जातींचे कायदे आणि रूढी गोळा केल्या. त्याच काळात, १८२७ मध्ये, मुंबई इलाख्याचा दुसरा रेग्युलेशन झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाने सांगितले की जातीच्या प्रश्नात दिवाणी कोर्टाने ढवळाढवळ करू नये. फार तर जातीला वा अब्रूला इजा झाली म्हणून नुकसानभरपाईचा दावा ऐकावा. वाचताना हे किती निरुपद्रवी वाटते! सरकार म्हणते, तुमच्या जातीत आम्ही पडत नाही. पण जात म्हणजे काही भजनी मंडळ नव्हे. विहीर, वाट, किराणा, मजुरी, न्हावी, स्मशान हे सगळे जातीच्या हातात. तिथे सरकार पडत नाही याचा अर्थ एवढाच की ज्याच्या हातात काठी त्याचे राज्य.

दुसरीकडे कोर्टात शास्त्री पगारावर बसले. हिंदू कायद्याचा प्रश्न आला की न्यायाधीश शास्त्र्याला विचारी आणि शास्त्री ग्रंथाचा दाखला देई. ही नेमणूक १८६४ मध्ये बंद झाली, पण मुंबई इलाख्यातल्या शास्त्र्यांची उत्तरे वाया गेली नाहीत. रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर यांनी त्याच उत्तरांवरून हिंदू कायद्याचा मोठा संग्रह तयार केला, आणि वकील-न्यायाधीशांच्या मेजावर तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला. धुळ्याचे कोर्ट याच इलाख्यातले.

काही अभ्यासक इथे हरकत घेतील. मुंबई इलाख्यात ग्रंथापेक्षा रूढीला जास्त वजन होते, सगळे मनूवर ढकलू नका, असे म्हणतील. हरकत बरोबर आहे. बंगालपेक्षा इथे रूढीची कदर जास्त झाली. पण रूढी कुणाची? महाडच्या चवदार तळ्याचा खटला आठवा. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सवर्ण कोर्टात गेले ते मनुस्मृती घेऊन नव्हे, तर ‘अस्पृश्यांनी पाणी न भरण्याची अनादी रूढी आहे’ हा दावा घेऊन. तो दावा मोडायला १७ मार्च १९३७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, मुंबई हायकोर्टापर्यंत लढावे लागले. ग्रंथ आणि रूढी ही एकाच हाताची दोन बोटे. एक कापले तर दुसरे दाखवले जाते.

ऑक्सफर्डला परत येऊ. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला एक इमारत आहे, जिच्या माथ्यावर वारा दाखवणारा हत्ती आहे. ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट. पायाभरणी १८८३. उभारणारा मोनिअर विल्यम्स, बोडन खुर्चीचा संस्कृत प्राध्यापक. या खुर्चीचा इतिहासही मजेदार आहे. जोसेफ बोडन हा कंपनीच्या मुंबई लष्करातला लेफ्टनंट कर्नल. त्याने १८११ मध्ये मृत्युपत्रात पैसा ठेवला, तो कशासाठी, तर संस्कृतच्या ज्ञानाने हिंदी लोकांना ख्रिस्ती करायला मदत व्हावी म्हणून. १८३२ मध्ये खुर्ची सुरू झाली. १८६० मध्ये तिच्यासाठी निवडणूक झाली, मोनिअर विल्यम्स विरुद्ध मॅक्समुल्लर, आणि मते पडली ८३३ विरुद्ध ६१०. आपल्याकडच्या बाजार समितीची निवडणूक वाटावी असा प्रचार झाला होता.

आता हा हिशेब शेजारी शेजारी मांडा. मुंबई लष्करात, म्हणजे आपल्याच मुलखात नोकरी केलेल्या अधिकाऱ्याच्या पैशावर ऑक्सफर्डमध्ये १८३२ पासून इंग्रज पोराला संस्कृत शिकवायला पगारी प्राध्यापक बसला. आणि त्यानंतर सत्तर वर्षांनी मुंबईच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला संस्कृत घेऊ दिले गेले नाही, त्याला फारसी घ्यावी लागली. पुढे बाबासाहेब स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. ज्या भाषेत आपल्यावरचा कायदा लिहिला होता, ती भाषा परक्याला खुली आणि आपल्याला बंद! गोऱ्या साहेबाने पंडिताला जमिनीवर बसवले म्हणून ओरडणारे याबद्दल कधी एक ओळ लिहीत नाहीत.

हत्तीच्या त्या इमारतीत देवनागरी अक्षरांत एक संस्कृत लेख आहे. त्याचा आशय असा की पूर्वेच्या शास्त्रांसाठीची ही वास्तू आर्यांच्या उपयोगासाठी उभारली आहे. आणि आर्य म्हणजे कोण, तर हिंदी आणि इंग्रज. वाचून थांबा थोडे. १८८३ मध्ये, आपल्याच लिपीत, इंग्रज राज्यकर्ता आणि उच्चवर्णीय हिंदी यांना एका शब्दात भाऊ ठरवले गेले. दहाच वर्षे आधी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहून त्याच आर्य शब्दाची उलटी बाजू दाखवली होती: आर्य म्हणजे बाहेरून आलेला लुटारू. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांतच अमान्य केला, आणि ब्राह्मण विद्वानांना हा सिद्धांत का आवडला याचे कारणही सांगितले: त्यामुळे त्यांना युरोपियनांचे नातेवाईक होता येते. फुले आणि आंबेडकर यांच्या मांडणीत इथे फरक आहे, आणि तो लपवायचे कारण नाही. पण दोघेही त्या इमारतीतल्या लेखाला उत्तर देत आहेत. हत्ती पाहायला गेलेल्या आपल्या मुलांना हे माहीत असले पाहिजे.

निवडणूक हरलेला मॅक्समुल्लर ऑक्सफर्डमध्येच राहिला. कंपनीच्या पैशाने त्याने ऋग्वेद छापला होता. मग त्याच्या संपादनाखाली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून ‘पूर्वेचे पवित्र ग्रंथ’ ही पन्नास खंडांची माला निघाली. १८८६ मध्ये तिचा पंचविसावा खंड आला तो मनुस्मृती. भाषांतरकार तेच ब्यूलर, जे मुंबईला प्राध्यापक होते, ज्यांनी शास्त्र्यांची उत्तरे संकलित केली होती. पण याच मालेच्या दहाव्या खंडात, १८८१ मध्ये, धम्मपद आणि सुत्तनिपात आले. हेही सांगितलेच पाहिजे. ज्या छापखान्यातून मनू बाहेर पडला त्याच छापखान्यातून बुद्धही बाहेर पडला. आपल्या देशात ज्याची लेणी आपल्याच अजिंठ्यात जंगलाने गिळली होती, त्याचे शब्द युरोपातल्या छापखान्यांनी पुन्हा वाचनात आणले, हे उपकार नाकारण्याइतके आपण कृतघ्न नाही. ज्ञान गोऱ्याचे म्हणून टाकायचे नाही आणि संस्कृतात आहे म्हणून पूजायचे नाही, हे बाबासाहेबांनी आयुष्यभर केले.

जाता जाता एक गोष्ट. बॉडलियन ग्रंथालयात वाचक म्हणून नाव घालताना आजही एक प्रतिज्ञा घ्यावी लागते. तिच्यात, ग्रंथालयात आग आणणार नाही, पेटवणार नाही, असे शब्द आहेत. काही लोक २५ डिसेंबर १९२७ चे नाव काढून आपल्याला पुस्तके जाळणारे म्हणतात. ज्यांनी राजगृह बांधताना आधी ग्रंथांच्या जागेचा विचार केला, त्यांना! महाडला जाळला तो एका ग्रंथाचा हुकूम. आपला विरोध ग्रंथालयाशी कधीच नव्हता, विरोध होता तो ग्रंथालयाच्या दारावरच्या पहारेकऱ्याशी.

बाबासाहेब ऑक्सफर्डचे विद्यार्थी नव्हते. ते लंडनला शिकले, १८९५ मध्ये स्थापन झालेल्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये. १९१६ मध्ये गेले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परतावे लागले. १९२० मध्ये प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन पुन्हा गेले. एम.एस्सी., बॅरिस्टरी, डी.एस्सी. लंडनचे दिवस त्यांनी पर्यटनात घालवले नाहीत, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात घालवले. आणि एवढे सगळे घेऊन परतल्यावर काय झाले, ते आपल्या जळगाव जिल्ह्याने पाहिले आहे.

१९२९ साल. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद. धुळ्याकडच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याच्या चौकशीला ते धुळ्याला आले. परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनवर आपली माणसे घ्यायला आली होती. महारवाडा दोनेक मैलांवर, वाटेत नदी. पायी चालत नेणे बाबासाहेबांच्या मानाला शोभणार नाही म्हणून टांगा ठरवायला गेले, तर टांगेवाले तयार होईनात. तास उलटून गेला. अखेर एक टांगेवाला टांगा द्यायला राजी झाला, पण हाकायला नाही. महाराला बसवून तो टांगा हाकणार नव्हता. मग आपल्यातल्याच एकाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हातात घेतले. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. कित्येक दिवस अंथरुणावर काढावे लागले.

बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः लिहिला आहे. त्यातला त्यांचा निष्कर्ष मला पाय मोडण्यापेक्षा मोठा वाटतो. टांगेवाला गरीब होता, हलके काम करणारा होता. तरीही तो स्वतःला अस्पृश्यापेक्षा वरचा समजू शकत होता, मग तो अस्पृश्य बॅरिस्टर का असेना. लंडनच्या पदव्या त्या टांग्याला एक वीत पुढे ढकलू शकल्या नाहीत.

पंडितांनी सांगितले आणि साहेबाने लिहून घेतले, त्याचे शेवटचे टोक म्हणजे चाळीसगावचा तो टांगा. टांगेवाल्याने मनुस्मृती वाचली नव्हती. जोन्सचे नावही त्याने ऐकले नसेल. पण जातीच्या प्रश्नात आम्ही पडत नाही असे सरकारनेच शंभर वर्षे सांगितल्यावर, टांगा हाकायचा की नाही हे सांगणारी एकच सत्ता त्याच्यासमोर उरली होती. ज्या बहिष्काराच्या चौकशीला बाबासाहेब धुळ्याला आले होते, त्यामागेही तीच सत्ता. सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा महाराष्ट्रात लागू व्हायला २०१७ साल उजाडले, हे विसरू नका.

आणि त्याच बाबासाहेबांनी त्याच कोर्टाचे दार आपल्यासाठी उघडून वापरले. १९३७ च्या मार्चमध्ये महाडचा निकाल लागला आणि त्याच वर्षी ३१ जुलैला ते एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला होते. लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. दर वर्षी ३१ जुलैला खानदेशातली आपली माणसे पावसात, चिखलात तिथे जातात. ऑक्सफर्डच्या घुमटाइतके लोक तिथे फोटो काढत नसतील, पण तिथे जाणाऱ्याला आपण काय पाहायला आलो ते माहीत असते.

जगातल्या इतर पीडितांनी ऑक्सफर्डला असे पाहायला सुरुवात केलेली आहे. ओरिएल कॉलेजच्या दर्शनी भागावर सेसिल ऱ्होड्सचा पुतळा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांनी केपटाऊनला २०१५ मध्ये पेटवलेले आंदोलन ऑक्सफर्डला पोचले. पुतळा अजून तिथेच आहे, पण आज त्याच्याखालून जाणारा पर्यटक मान वर करून विचारतो की हा कोण. ऑल सोल्स कॉलेजचे ग्रंथालय कोड्रिंग्टनच्या पैशाने बांधलेले. तो पैसा बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांतला, गुलामांच्या घामाचा. २०१८ मध्ये कॉलेजने त्या गुलामांच्या स्मरणाची पाटी लावली आणि २०२० मध्ये ग्रंथालयाचे नाव वापरणे सोडले. जोन्सच्या शिल्पाखाली अशी पाटी का नको? शिल्प फोडा असे मी म्हणत नाही. ते राहू द्या, पुरावा आहे. पण या संग्रहाच्या लेखनात ज्यांना विचारलेच नाही आणि ज्यांच्यावर तो चालवला, त्यांच्याबद्दल दोन ओळी तिथे हव्यात. ही मागणी तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलांनी केली पाहिजे. हिंदुत्ववाद्यांनी आपली तक्रार केव्हाच पोचवली आहे. आपण अजून फोटो काढतो आहोत.

मात्र ही मागणी अभ्यासाशिवाय होणार नाही, आणि इथे आपल्याच सरकारने दार लावले आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. एकूण १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे ठरले. कारण दिले गेले की या विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच भरपूर आहेत.

या नियमाचा अर्थ आपल्या भाषेत सांगतो. धुळे जिल्ह्यातली एखादी बौद्ध मुलगी या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला अभियांत्रिकी शिकू शकते, वैद्यक शिकू शकते, व्यवस्थापन शिकू शकते. पण शास्त्र्यांच्या उत्तरांतून आपल्या आजीच्या पाटाचे आणि वारशाचे काय झाले, १८२७ च्या रेग्युलेशनने खानदेशात काय केले, चाळीसगावच्या टांग्यामागे कोणता कायदा उभा होता, यावर ती तिथे संशोधन करू शकत नाही. जोन्सचे शिल्प ती रविवारी पर्यटक म्हणून पाहू शकते. सोमवारी त्यावर प्रबंध लिहायला बसू शकत नाही. बाबासाहेबांनी कोलंबियात १९१६ मध्ये वाचलेला निबंध कशावर होता? भारतातल्या जातींवर. आजच्या नियमाने पहिला अर्ज बाबासाहेबांचाच फेटाळला गेला असता!

साधने देशात भरपूर आहेत, हे अर्धे खरे आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात, पुण्याच्या पेशवे दप्तरात खजिना आहे, आणि आपल्या लोकांनी तिथे अजून पुरेशी गर्दी केलेली नाही, हा दोष आपलाही. पण कंपनी आणि इंडिया ऑफिस यांचे दप्तर लंडनला आहे. आणि प्रश्न केवळ कागदांचा कधीच नव्हता. प्रश्न आहे की त्या खोलीत खुर्चीवर कोण बसणार आणि लेखणी कुणाच्या हातात असणार. दोनशे वर्षांपूर्वी आपल्याबद्दल लिहिताना साहेब आणि पंडित दोघेच होते. आज परदेशातली विद्यापीठे जातीवर अभ्यासक्रम चालवतात, कोलंबियात ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ अभ्यासाला असते. तिथे शिकवायला आणि लिहायला ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुले जातीलच, त्यांना शिष्यवृत्तीचा नियम अडवत नाही. अडतो तो फक्त ज्याचा हा इतिहास आहे तो. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा आहेत, त्या वाढवून घेण्यासाठी आणि केंद्राची ही अट रद्द करण्यासाठी आपल्या विद्यार्थी संघटनांनी निवेदनापलीकडे जायला हवे. दर अधिवेशनात हा प्रश्न खासदारांच्या तोंडून विचारून घेतला पाहिजे. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार इथल्या खासदारांच्या कार्यालयांचे पत्ते सर्वांना माहीत आहेत.

तोवर जी मुले तिकडे आहेत त्यांच्यासाठी. ऑक्सफर्डहून संध्याकाळी लंडनला परताल. दुसऱ्या दिवशी १० किंग हेन्रीज रोडला जा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेऊन स्मारक केले आहे. तिथून सेंट पँक्रासजवळच्या ब्रिटिश लायब्ररीत जा. मुंबई इलाख्याचे कंपनीकालीन दप्तर तिथे इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहे. वाचकपत्र फुकट मिळते. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. विषय कोणताही शिकत असा, अभियांत्रिकी का असेना, एक शनिवार द्या आणि खानदेशची फाईल मागवा.